वक्तृत्व आणि नियत

सिसिलीतील गॉर्जियास इ. स. पूर्व 427 मध्ये राजदूत म्हणून अथेन्सला आला आणि त्याच्या वाणीने लोक भारून गेले. प्लेटोच्या संवादात तो अभिमानाने सांगतो की, वैद्य असलेल्या भावाचे न ऐकणारे रुग्ण आपल्या शब्दांनी औषध घेण्यास राजी होत. सॉक्रेटिस या कलेस पाककलेच्या पंक्तीला बसवतो : जिभेला गोड, देहाच्या हिताविषयी अजाण. ॲरिस्टॉटलने दोष कलेत नव्हे, वक्त्याच्या हेतूत पाहिला. त्याच्या या ग्रंथावर इब्न रुश्द यांनी भाष्यही लिहिले. परंतु नियत तर अंतःकरणात दडलेली! रुग्णाने विश्वास ठेवला तो वैद्याच्या ज्ञानावर नव्हे, भावाच्या शब्दांवर. पेल्यात विष असते, तरी शब्द हेच असते. सभेत मान डोलावताना, या वक्त्यामागे वैद्य कोण, हे आपण कधी विचारले आहे काय?