पाचवी फेरी

११ जुलै २०१५च्या रात्री लास वेगासला झालेल्या एका लढतीबद्दल मला स्वतःलाच काही विचारायचं आहे. यूएफसी १८९, म्हणजे पिंजऱ्यात खेळल्या जाणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा एक कार्यक्रम. वेल्टरवेट वजनगटाचा विजेता रॉबी लॉलर आणि त्याचा आव्हानवीर रोरी मॅकडॉनल्ड. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. त्यानंतर ही लढत मी कितीदा पाहिली याचा हिशेब नाही, पण हल्ली मी ती सुरुवातीपासून लावत नाही. थेट चौथी फेरी संपते तिथे जातो.

भोंगा वाजलेला असतो, पण दोघंही आपापल्या कोपऱ्यात जात नाहीत. समोरासमोर उभे राहून नुसते एकमेकांकडे बघत राहतात. लॉलरचा ओठ फाटलाय, मॅकडॉनल्डचं नाक मोडलंय. गुणांवर मॅकडॉनल्ड पुढे आहे. उरलेली पाच मिनिटं तग धरली तर पट्टा त्याचा. आणि पाचव्या फेरीचं पहिलं मिनिट संपता संपता लॉलरचा डावा ठोसा त्याच मोडक्या नाकावर बसतो आणि मॅकडॉनल्ड खाली जातो. शुद्ध हरपलेला माणूस एका तऱ्हेने पडतो, दुखणं सोसेनासं झालेला दुसऱ्या तऱ्हेने. मॅकडॉनल्ड दुसऱ्या तऱ्हेने पडला. हा फरक मला कळतो, आणि तरीही मी तेवढंच मिनिट पुन्हा लावतो.

का लावतो?

माझी उत्तरं पाठ आहेत. पहिलं म्हणजे हा खेळ आता पूर्वीसारखा रानटी राहिलेला नाही. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हा वजनगट नव्हते, हातमोज्यांची सक्ती नव्हती, आणि रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तीन माणसांना हरवलं होतं. सिनेटर जॉन मॅकेन याला माणसांची कोंबडझुंज म्हणत. पुढे न्यू जर्सीत नियम बांधले गेले. पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या. दुसरं उत्तर मला जास्त आवडतं: इथे हात आपटून हार मानता येते, बॉक्सिंगमध्ये ती सोय नाही. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण मी ती देतो तेव्हा मला नियमांचं कौतुक नसतं, मला ते मिनिट बघायची परवानगी हवी असते.

तिसऱ्या उत्तरावर मात्र माझी सगळी भिस्त होती. मॅकडॉनल्ड स्वतःच्या मर्जीने उतरला, त्याला कोणी ढकललं नाही.

मॅकडॉनल्ड कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा. चौदाव्या वर्षी शिकायला लागला आणि २००५मध्ये, सोळाव्या वर्षी, पहिली व्यावसायिक लढत खेळला. आपल्याकडे त्या वयाच्या पोराला सायन्स घ्यायचं की कॉमर्स हेही घरचे एकट्याने ठरवू देत नाहीत. पुढे तो माँट्रियलच्या ट्रायस्टार जिममध्ये प्रशिक्षक फिरास झहाबींकडे गेला. यूएफसीचा विजेता जॉर्ज सेंट पिएर तिथेच सराव करायचा. २०१०मध्ये कार्लोस काँडिटने मॅकडॉनल्डला शेवटची सात सेकंदं उरलेली असताना हरवलं. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता.

त्याचा चेहरा चाहत्यांना फार आवडायचा. जिंको वा मार खावो, त्यावर काहीही उमटत नसे. आम्ही त्याला ‘कॅनेडियन सायको’ म्हणू लागलो. हे ‘आम्ही’ मी मुद्दाम लिहितोय. समोरच्याची हाडं मोडताना ज्याच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही असा माणूस आम्हाला हवा होता. तसा एक मिळाला, म्हणून त्याला कौतुकाचं टोपणनाव दिलं.

मग २७ एप्रिल २०१९ची रात्र येते. तोवर तो यूएफसी सोडून बेलाटर या दुसऱ्या कंपनीत गेला होता, तिथला विजेता होता. सॅन होजेमध्ये जॉन फिचशी त्याची लढत बरोबरीत सुटली, पट्टा त्याच्याकडेच राहिला. पिंजऱ्यातच त्याच्यासमोर माइक धरला गेला, आणि तो म्हणाला की हल्ली हात उचलताना अडखळायला होतं, माणसाला दुखवण्याची ती पूर्वीची ऊर्मी आत राहिलेली नाही. तो धार्मिक ख्रिस्ती आहे; देवाने आपल्यात काहीतरी बदललंय असं त्याच्या बोलण्यात होतं. हजारो लोकांसमोर, घामाने निथळत, एक व्यावसायिक लढवय्या आपली सदसद्विवेकबुद्धी तपासत होता. आत्मपरीक्षण करायला यापेक्षा गैरसोयीची जागा मला तरी सुचत नाही. आमच्यातल्या बहुतेकांचा निकाल तयार होता: संपला हा. माझाही तोच होता. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला वाईट वाटलं, पण त्याच्यासाठी नव्हे. माझ्या करमणुकीतला एक माणूस कमी होणार म्हणून.

पण तो थांबला नाही. दीड महिन्यात, १४ जूनला, न्यूयॉर्कला पुन्हा पिंजऱ्यात होता. बेलाटरची वेल्टरवेट स्पर्धा चालू होती, जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर. त्याने नीमन ग्रेसीला हरवलं, ऑक्टोबरच्या अंतिम लढतीत डग्लस लिमाकडून हरला. पुढे पीएफएल या तिसऱ्या कंपनीत खेळला आणि २०२२मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, थांबला. दुखवण्याची इच्छा राहिली नाही असं जाहीरपणे सांगून तीन वर्षं माणसांना दुखवत राहणं, याला मर्जी म्हणायचं का? करार, घर, सोळाव्या वर्षापासून हातात असलेला एकच धंदा, हे सगळं त्या एका शब्दात मावत नाही. तरी जबरदस्ती म्हणणंही खोटं होईल, कारण त्याला ग्रेसीला हरवायचं होतंच. तो दोन्हींच्या मधे कुठेतरी होता, जसा आपल्यातला जवळजवळ प्रत्येक नोकरदार असतो. फक्त आपली नाकं शाबूत राहतात.

आता पैशाचं. लास वेगासच्या त्या रात्री तिकीटविक्री सत्तर लाख डॉलरच्या वर गेली होती. नेवाडाच्या क्रीडा आयोगाकडे नोंदवलेलं मॅकडॉनल्डचं मानधन होतं ५९ हजार डॉलर, वर त्या रात्रीच्या सर्वोत्तम लढतीचा ५० हजारांचा बोनस. गावच्या जत्रेत कुस्तीचं इनाम आधी पुकारतात, आणि जिंकणाऱ्या पोराच्या हातात किती पडलं ते साऱ्या गावाला माहीत असतं. इथे मी बघण्याची वर्गणी भरतो, आणि त्यातलं त्या फुटलेल्या नाकापर्यंत किती गेलं याची चौकशी मी अनेक वर्षं केली नव्हती. ती लढवय्यांनीच केली. २०१४च्या अखेरीस काहींनी यूएफसीवर मक्तेदारीचा दावा लावला, आणि २०२५च्या फेब्रुवारीत न्यायालयाने साडेसदतीस कोटी डॉलरच्या तडजोडीला अंतिम मंजुरी दिली. ज्या वर्षांसाठी ही भरपाई आहे, त्यांत २०१५ येतं.

एक गोष्ट मला याहून जास्त टोचते. नोव्हेंबर २०१७मध्ये शांघायला मुंबईचा भरत खंडारे यूएफसीत उतरला. भारतात जन्मलेला तिथला पहिला लढवय्या. सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याचा गळा आवळून त्याला हरवलं. ती लढत बघताना पंचाने लवकर मधे पडावं असं मला सारखं वाटत होतं. ही कळकळ लास वेगासला कुठे होती? तिथे तर पंचाने लढत थांबवू नये असंच वाटत होतं. म्हणजे दया माझ्यापाशी आहे, पण ती पासपोर्ट बघून बाहेर येते. मॅकडॉनल्डच्या जागी दादर-परळच्या तालमीतला पोरगा असता तर पाचवी फेरी मी पुन्हा लावली नसती, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

मेंदूचं वेगळं सांगायला नको. बेलाटरमधला जॉर्डन पार्सन्स २०१६मध्ये मोटारीच्या धडकेने पंचविसाव्या वर्षी गेला. मृत्यूनंतर तपासलेल्या त्याच्या मेंदूत सीटीई आढळला, वारंवार मार बसून होणारा आजार. पंचवीस हे काही मेंदू झिजायचं वय नव्हे.

हे सगळं माहीत असून मी वर्गणी बंद केलेली नाही. करीन असंही आज म्हणणार नाही, ते ढोंग होईल. ‘त्याची मर्जी होती’ हे कारण मात्र मी आता कुणाला देत नाही, स्वतःलाही नाही. त्याची मर्जी काय होती ते त्याने सॅन होजेला सांगितलं होतं. मला बघायला आवडतं, म्हणून मी बघतो.