मूळचा एकही नाही

जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या एका मित्राकडे ‘सॉफ्ट मशीन’ या ब्रिटिश बँडचा २०१८ चा ‘हिडन डिटेल्स’ हा अल्बम ऐकत बसलो होतो. कव्हरवरची नावं वाचून एक जण म्हणाला, “यात मूळचा एकही नाही. मग ही नुसती पाटीच की!” विषय तिथेच संपला, पण मला ते बोचत राहिलं. त्याची माहिती खरी होती आणि निष्कर्ष मात्र पटत नव्हता.

थीसियसच्या जहाजाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: एकेक फळी बदलत गेली, तर शेवटी जहाज तेच का? ती गोष्ट इथे लागू पडत नाही. फळीला मत नसतं. जहाज कुठे न्यायचं यावरून ती भांडत नाही. सॉफ्ट मशीनमध्ये आलेला आणि त्यातून गेलेला जवळजवळ प्रत्येक जण नेमका याच गोष्टीवरून भांडला.

१९६६ मध्ये बँड उभा राहिला तेव्हा ड्रम वाजवत गाणारा रॉबर्ट वायट, ऑर्गनवर माइक रॅटलेज, बासवर केविन एअर्स आणि गिटार घेतलेला ऑस्ट्रेलियन कवी डेव्हिड ॲलन असे चौघे होते. नाव विल्यम बरोज यांच्या कादंबरीचं, त्यांची परवानगी घेऊन ठेवलेलं. लंडनच्या यूएफओ क्लबात पिंक फ्लॉइडच्या बरोबरीने ते वाजवत. १९६७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सहून परतताना ॲलनला ब्रिटनमध्ये प्रवेश नाकारला गेला, कारण आधी तो व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त राहिला होता. तो पॅरिसमध्येच राहिला आणि तिथे त्याने ‘गाँग’ हा बँड काढला. पुढच्या वर्षी जिमी हेंड्रिक्सबरोबर अमेरिकेचा दौरा झाला. त्याने थकलेला एअर्स बाहेर पडला. तोवर बँडचं सामान सांभाळणाऱ्या ह्यू हॉपरने बास हाती घेतला. मग सॅक्सोफोन घेऊन एल्टन डीन आला. १९७० चा ‘थर्ड’ म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू आणि बाजूला एक याप्रमाणे फक्त चार रचना. त्याच ऑगस्टमध्ये हे लोक रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, ‘प्रॉम्स’ या अभिजात संगीताच्या महोत्सवाच्या मंचावर वाजवत होते. तीनच वर्षांपूर्वी ते रंगीत प्रकाशात छोटी, स्वप्नाळू गाणी गात होते.

माणसं बदलतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात, आणि आपण त्या एकाच मापाने मोजतो. जागा भरणं ही एक गोष्ट. जागा करून देणं ही अगदी दुसरी. जागा भरायची असते तेव्हा गेलेल्या गायकासारखा आवाज काढणारा शोधतात आणि त्याच्याकडून जुनी गाणी जशीच्या तशी म्हणवून घेतात. हॉपरला कुणी एअर्ससारखं वाजवायला सांगितलं नाही. त्याने बासला फझची खरखर जोडली आणि तो रचना करू लागला. ‘थर्ड’ची पहिली बाजू त्याचीच आहे. डीनने जॅझमधली मोकळी सुरावट आणली. त्यांच्या येण्याने बँडचा आवाजच बदलला, आणि त्या बदलाला आत वाव होता.

इथे थोडं वळण घेतो. ‘थर्ड’वरच्या रॅटलेजच्या एका रचनेत ऑर्गनचे सूर टेपवर फिरत, एकमेकांत मिसळत राहतात. त्यावर अमेरिकन संगीतकार टेरी रायलीचा ठसा स्पष्ट आहे. हा रायली १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, म्हणजे किराणा घराण्याचा. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला घर केलं, तेच हे घराणं. सवाई गंधर्वांचं गाणं आणि भीमसेनांचं गाणं एक नाही, तरी घराणं एकच मानायला आपल्याला अडचण वाटत नाही. पण घराण्यात शिष्य वर्षानुवर्षं गुरूसमोर बसतो. बँडमध्ये जुना माणूस गेल्यावर नवा येतो, पुष्कळदा दोघांची गाठही पडत नाही. म्हणून घराण्याचा आधार मला इथे अर्ध्या वाटेपर्यंतच घेता येतो.

माझ्या प्रतिपक्षाचा खरा मुद्दा पुढे आहे: नवं करायचं तर नवं नाव घ्यावं. वायटने घेतलं, ॲलनने घेतलं. यात वजन आहे. पण रॅटलेज १९७६ पर्यंत होता तिथेच होता. त्याने पाटी कोणत्या दिवशी उतरवायची होती? आणि ड्रमर जॉन मार्शल १९७२ मध्ये आला, पुढे बँडच्या नव्या जन्मातही राहिला. या नावाखाली ॲलनने जेमतेम वर्ष वाजवलं, एअर्सने दोन, वायटने पाच. मार्शलला उपरा म्हणायचं तर उशिरा आला याखेरीज दुसरं कारण द्यावं लागेल.

पण माझीच कसोटी पुढे चालवली की वायटपाशी पाय अडतो. ‘थर्ड’वरचं ‘मून इन जून’ हे त्याचं गाणं; त्याचा पहिला अर्धा भाग त्याने जवळजवळ एकट्याने वाजवला, कारण बाकीच्यांना गाण्यांत रस उरला नव्हता. ‘फोर्थ’वर त्याचा आवाजच नाही. १९७१ मध्ये तो गेला. नव्यांना जागा करून देणाऱ्या या बँडने आपल्यातल्या एकमेव गात्या गळ्याला ती दिली नाही. हा अन्याय होता असंच मी मानतो. १९७३ मध्ये खिडकीतून पडून त्याचे पाय कायमचे गेले, आणि पुढच्या वर्षी पिंक फ्लॉइडच्या निक मेसनच्या निर्मितीत त्याचा ‘रॉक बॉटम’ हा अल्बम आला. त्यात बासवर हॉपरही आहे. ‘मून इन जून’चा पुढचा भाग मला तिथेच ऐकू येतो. सॉफ्ट मशीनचा प्रवास लिहायचा तर ‘रॉक बॉटम’ त्यात हवा आणि गाँगही हवा. २०१५ मध्ये ॲलन गेला तो आपल्यामागे गाँग चालू राहावा अशी इच्छा ठेवून. आणि तो चालू आहे.

मग कार्ल जेंकिन्स उरतो. तो १९७२ मध्ये आला आणि हळूहळू रचनांची सूत्रं त्याच्याकडे गेली. एकच ठेका धरून फिरणाऱ्या त्याच्या रचना मला कधी भावल्या नाहीत. वायट गेला तिथे बँड संपला, असंच मी आजवर मनाशी धरून होतो. पण हॉपरला बदलाची मोकळीक होती म्हणून ‘थर्ड’ खरा मानायचा, तर तीच मोकळीक घेणाऱ्या जेंकिन्सला नाकारता येत नाही. ‘सिक्स’ मला आजही कोरडा वाटतो. तो सॉफ्ट मशीनचाच आहे.