'रिफाइन' ह्या क्रियापदाविषयीं

इंग्रजी भाषेंत 'रिफाइन' असें एक क्रियापद आहे. शुद्ध करणें असा त्याचा अर्थ कोशांत मिळतो, व तो बरोबरच आहे. परंतु शाळा शिकून आलेल्या आमच्या तरुणांच्या तोंडीं तें बहुधा मनुष्यांविषयीं येतें. अमका रिफाइंड आहे, म्हणजे त्याचें बोलणें-चालणें नागर वळणाचें आहे. आणि खेड्यांत राहिलेली त्याची आई तशी नाहीं. येथें प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाहीं.

हें क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीस धातु शोधण्याच्या संबंधानें प्रचारांत आलें. रीतिभातींस तें मागाहून लावूं लागले. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत, जखऱ्याच्या तेराव्या अध्यायांत, तें रुप्याच्या दृष्टांतांतच आहे. हिणकस रुपें शोधावयाचें तर त्यांत शिसें घालून तें हाडांच्या राखेच्या मुशींत तापवितात. रुपें सुमारें ९६० अंश सेंटिग्रेडवर वितळतें. त्याहून अधिक आंच ठेवून वरून वारा घालीत राहिलें म्हणजे शिशाचें भस्म होतें, तें तांब्यासारख्या हीण धातूंस आपल्याबरोबर घेऊन राखेंत मुरतें, आणि मुशींत रुप्याची गोळी उरते. ती पहिल्यापेक्षां वजनांत कमी भरते. तिच्यावर कांहीं चढविलेलें नसतें.

मुलामा देणाऱ्याचा धंदा ह्याच्या उलट. तांब्याच्या भांड्यास रुप्याचें पाणी दिलें कीं तें चकाकतें, वजनही किंचित् वाढतें. आंत तांबें तें तांबेंच. आमचे तरुण ज्याला रिफाइन होणें म्हणतात तें पुष्कळदां हेंच असतें, असें आम्हांस वाटतें. स्वच्छ राहणें, सौम्यपणें बोलणें ह्या गोष्टी चांगल्याच आहेत. त्यांची थट्टा आम्ही करीत नाहीं. परंतु आईचे शब्द टाकून देतांना मुशीबाहेर गेलें तें हीण होतें कीं रुपें, हें कोणी पाहिलें? लबाडी, मत्सर, दुसऱ्यास हलकें लेखणें हें हीण सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्याच्या ठायींही राहूं शकतें; आणि ज्यानें आईच्या भाषेची लाज धरली त्याच्यांत तर त्याची नवी भर पडलेली असते.

रमाबाईंस १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं 'पंडिता' ही पदवी दिली, ती त्यांच्या संस्कृत विद्येबद्दल. त्याच बाईंनीं इब्री व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, तेव्हां साध्या माणसांस कळेल अशी भाषा वापरली. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं, प्रसिद्ध झालें. विद्या नव्हती म्हणून साधें लिहिलें, असें त्यांच्याविषयीं कोणास म्हणतां येणार नाहीं.

गांवीं जखऱ्याचा हा अध्याय समजावून देणाऱ्या उपदेशकानें 'परिष्कृत करणें' असा शब्द शोधीत बसण्याचें कारण नाहीं. 'हीण काढणें' म्हटलें कीं, सोनाराकडे एकदां जाऊन आलेल्या म्हातारीसही भट्टी दिसते.