समर्थ आणि अमानतदार

रमजान जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांतून रंगकामाची धांदल सुरू होते. ईदपूर्वी घर उजळावे ही इच्छा स्वाभाविकच आहे. या दिवसांत एक प्रश्न हमखास कानी पडतो, "एखादा भरवशाचा रंगारी ठाऊक आहे काय?" प्रश्न साधा वाटतो, परंतु तो भरवशाचा, म्हणजेच अमानतीचा आहे, आणि अमानतीचा प्रश्न दीनच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही.

सूरह अल्-कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या मदयनच्या वास्तव्याचा प्रसंग आला आहे. मिसरहून परागंदा होऊन ते तेथे पोहोचले आणि विहिरीपाशी ताटकळत उभ्या असलेल्या दोन भगिनींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले. पुढे त्यांपैकी एकीने आपल्या पित्यास त्यांना कामावर ठेवण्याचे सुचविले आणि कारणे दोनच सांगितली : ते समर्थ आहेत आणि अमानतदार आहेत. या मुलीच्या चोखंदळपणाचे मला नेहमी कौतुक वाटते. तिने ऐकीव माहितीवर शिफारस केली नाही. काम डोळ्यांनी पाहिले होते. आपणही ठेकेदाराने रंगविलेली घरे पाहावयास हवीत, आणि तीही जुनी. गेल्या महिन्यात रंगविलेली भिंत कोणाचीही सुंदर दिसते. दोन पावसाळे झेललेली भिंत खरी साक्ष देते.

पुष्कळदा मात्र आपण काम न पाहता "आपल्या जमातीचा आहे" एवढ्यावर ठेका देऊन मोकळे होतो. आपल्या बंधूस काम मिळावे ही भावना चांगली; पण ती परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. इ.स. 622 मध्ये मक्केहून हिजरत करताना प्रेषित मुहम्मद (स.) व हजरत अबू बक्र (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित यास मोबदल्यावर नेमले. तो तेव्हा मुस्लिम नव्हता. परंतु तो वाटांचा जाणकार होता आणि विश्वासास पात्र होता. प्राणांवर बेतलेल्या त्या दिवसांत आपल्या सांडण्या त्याच्या स्वाधीन करून, तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी येण्याची वेळ त्याच्याशी ठरविण्यात आली. तो आला.

आता रंगकाम करणाऱ्या बंधूंशी थोडे बोलू. बाजारात धान्याच्या एका राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, हे वृत्त सहीह मुस्लिममध्ये आहे. विक्रेत्याने पावसाची सबब सांगितली. त्यावर, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यास विचारण्यात आले आणि फसवणूक करणाऱ्याशी प्रेषितांनी आपले नाते नाकारले. ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी ओढून वर रंगाचे दोन हात देणारा याहून निराळे काय करतो? गळती कोठून आहे ते शोधावे लागेल, भिंत वाळू द्यावी लागेल, खर्च वाढेल, हे मालकास स्पष्ट सांगणे त्याचे कर्तव्य आहे. अन् भाडेकरू येण्यापूर्वी ओल झाकून घ्या असे मालकच सांगत असेल, तर ती रास मालकाची आहे.

उभयतांनी व्यवहार लिहून ठेवावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल्-बकरहमध्ये आहे, आणि काम व मोबदला दोन्ही निश्चित असावेत असा फुकहांचा आग्रह आहे. चौरस फूट किती, दर मालासकट की केवळ मजुरीचा, जुना रंग खरवडायचा की नाही, हात किती, खिडक्यांच्या जाळ्या धरल्या आहेत काय, एवढे तरी कागदावर यावे. "बघून घेऊ" या दोन शब्दांनी जितकी नाती तुटली आहेत, तितकी क्वचितच कशाने तुटली असतील.

भरवशाचा रंगारी शोधताना आपण स्वतः भरवशाचे आहोत काय, हे मात्र कोणी विचारत नाही. पूर्ण काम करवून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. ती मी अनेकदा इतरांना ऐकविली होती. तरीही एका वर्षी, काम पूर्ण व चोख झालेले असताना, केवळ बँकेत जाण्याचा कंटाळा म्हणून शेवटचा हप्ता मी "ईदनंतर पाहू" असे म्हणून ठेवून घेतला. रंगारी रोजा ठेवून शिडीवर चढत असे. तो काही बोलला नाही. ईदच्या नमाजला तो माझ्या पुढच्या सफमध्ये होता. शेजारी त्याचा मुलगा, जुन्याच कपड्यांत. त्याच दुपारी त्याच्या घरी जाऊन मी पैसे दिले व क्षमा मागितली. त्याने शीरखुर्मा पुढे केला.

तेव्हापासून आमच्या घरच्या करारात शेवटच्या हप्त्याची तारीखही लिहिली जाते, आणि ती चाँदरातीच्या आधीची असते.