दयेची मात्रा

सद्‌हेतूने केलेल्या कृत्यापासून अनर्थ ओढवला, तर त्याचा दोष कर्त्याच्या माथी किती येतो, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. महाविद्यालयात हा प्रश्न मी अनेक वर्षे शिकवीत आलो. ॲरिस्टॉटलचे मत सांगावे, त्याच्यासमोर कांटचे मत मांडावे, विद्यार्थ्यांनी ते उतरून घ्यावे आणि तास संपावा, असा तो क्रम होता. ही दोन्ही मते एके दिवशी माझ्याच हातून घडलेल्या गोष्टीस लावून पाहावी लागतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आमच्या घरी एक मांजर होती. एका रात्री ती बाहेरून भांडून आली. पुढचा पंजा सुजला होता, अंग तापले होते, आणि ती पलंगाखालच्या कोपऱ्यात जाऊन बसली. दहा वाजून गेले होते. जनावरांचा दवाखाना केव्हाच बंद झाला होता. घरातील औषधांच्या डब्यात पॅरासिटामॉलची पट्टी होती. लहानथोरांच्या तापावर आम्ही वर्षानुवर्षे निःशंकपणे घेत आलेली ती गोळी. मांजर लहान, म्हणून अर्धीच द्यावी, एवढी सावधगिरी मी बाळगली आणि त्या सावधगिरीचे मला समाधानही वाटले. एरवी ती परक्या हातास जवळ येऊ देत नसे. पण मी तिचा जबडा उघडला तेव्हा तिने नख काढले नाही. पहाटे पाहिले तो तिचे तोंड सुजलेले, हिरड्यांचा गुलाबी रंग जाऊन त्या तपकिरी पडलेल्या, आणि श्वास जोराने चाललेला. सकाळी दवाखाना उघडताच तिला नेले. घरी काही औषध दिले काय, हाच डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता. दुपारपर्यंत ती गेली.

पुढे कारण समजून घेतले ते असे. पॅरासिटामॉल पोटात गेले म्हणजे मनुष्याचे यकृत त्यास मुख्यतः ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देऊन निरुपद्रवी करते व शरीराबाहेर टाकते. ह्या क्रियेस लागणारे विकर मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. मांसावर जगणाऱ्या ह्या कुळास वनस्पतींतील विषे पचविण्याची गरज पडली नाही, म्हणून ती शक्ती लोपली असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. मग त्या औषधाचे शरीरातच विषारी द्रव्य बनते; रक्तातील हिमोग्लोबिन बिघडून त्यास प्राणवायू वाहून नेता येत नाही, रक्ताचा रंग चॉकलेटी होतो, आणि श्वास चालू असतानाच प्राणी गुदमरतो. मांजरास पॅरासिटामॉलची सुरक्षित अशी मात्राच नाही.

माझ्या सावधगिरीचा हिशेब तर ह्याहूनही लाजिरवाणा आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर दर किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम औषध त्याच्या वाट्यास येते. चार किलोच्या मांजरास अर्धी गोळी दिली, तर दर किलोमागे ६२ मिलिग्रॅमांहून अधिक येते. म्हणजे त्या माणसाने एका वेळी साडेसात गोळ्या गिळण्यासारखेच ते झाले. भागाकाराचा हा हिशेब मला लहानपणापासून येत होता. पण त्या रात्री तो करण्याची गरज भासली नाही.

मांजराची गोष्ट ती एकट्या मांजराची नव्हे. आपल्या सांधेदुखीवरील आयबुप्रोफेन कुत्र्यास दिल्याने त्याच्या जठरास व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ॲस्पिरिनचा अर्धा अंश माणसाच्या शरीरातून काही तासांत निघून जातो. मांजराच्या शरीरातून तेवढाच जाण्यास सुमारे दीड दिवस लागतो, म्हणून रोजची गोळी ही त्याच्या ठिकाणी विषाची साठवण ठरते. सर्दीच्या गोळीत तर अनेक औषधे एकत्र असतात आणि वेष्टनावरील ठळक नावावरून ती ओळखू येत नाहीत. माणसांची काही औषधे पशुवैद्य जनावरांस देतात, हेही खरे. परंतु कोणते, कोणास, किती आणि किती वेळा, हे जाणूनच ती दिली जातात. मी नेमके हेच न जाणता दिले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कायदा माझ्याविरुद्ध नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम अपायकारक औषध देणाऱ्यास शिक्षा सांगतो. पण ते बुद्ध्या व अकारण दिलेले असले पाहिजे. माझ्या ठिकाणी अपायाची बुद्धी नव्हती. परंतु कायद्याने सोडले म्हणजे विवेकाने सोडले असे नव्हे. अज्ञानाने घडलेले आणि मागाहून खेद उत्पन्न करणारे कृत्य ॲरिस्टॉटल अनैच्छिक मानतो. मात्र जे अज्ञान दूर करणे कर्त्याच्या हाती होते, त्याबद्दल त्यास जबाबदार धरणे योग्य, असेही तो सांगतो. सद्‌हेतूची थोरवी कांटइतकी दुसऱ्या कोणी गाइली नसेल. पण नुसती इच्छा म्हणजे सद्‌हेतू नव्हे, आपल्या हाती असलेली सर्व साधने कामास लावणे म्हणजे सद्‌हेतू, अशी अट त्यानेही घातली आहे. माझ्या खिशात दूरध्वनी होता. एक विचारणा करण्यास दोन मिनिटे लागली असती. ती मी केली नाही. कारण आपणास ठाऊक नाही, हेच मला ठाऊक नव्हते.

येथे कोणी विचारील, की प्राणिमात्रांच्या ठिकाणी समभाव ठेवावा, ही तर आपल्या संतांची शिकवण. मग जे आपल्या लेकरास दिले तेच मुक्या जीवास दिले, ह्यात चूक कोठे झाली? आक्षेप हलका नाही. आमच्या जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांची कथा घरोघर ठाऊक आहे. रामेश्वरास वाहण्यासाठी काशीहून आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवास पाजले. परंतु ह्या कथेचा अर्थ नीट पाहावा. गाढवास तहान लागली होती आणि नाथांनी त्यास पाणी दिले. तहान सर्व जीवांची एक, आणि पाणीही सर्वांस मानवणारे एकच. दुःख ओळखण्यास समभाव पुरतो. पण त्यावर उपाय करावयाचा तर त्या जीवाचे वेगळेपण जाणावे लागते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात हा भेद स्पष्ट दिसतो. मनुष्यांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचे तो सांगतो. मनुष्यांस उपयुक्त आणि पशूंस उपयुक्त अशा वनस्पती जेथे नव्हत्या तेथे लावविल्याचेही सांगतो. दया एकच, पण औषधे दोन.

हा भेद विसरल्याचे फळ एका घरापुरतेच राहते असेही नाही. आमच्या शहरात पक्षितज्ज्ञ सलीम अली ह्यांचे नाव दिलेले सरोवर आहे. तेथे फिरावयास गेलो म्हणजे गिधाडांची आठवण होते. कारण ज्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेशी सलीम अलींचे नाव निगडित आहे, तिच्याच संशोधकांनी गिधाडांच्या ऱ्हासाची नोंद केली. माणसांच्या दुखण्यावरील डायक्लोफिनॅक हे औषध स्वस्त झाल्यावर गाईबैलांस टोचले जाऊ लागले. गुरांच्या वेदना थांबल्या. देणाऱ्याची दया सफल झाली. पण औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या गुराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. हे कारण २००४ साली सिद्ध झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ ह्या काळात शेकडा ९९ हून अधिक घटली. २००६ साली सरकारने जनावरांसाठी ह्या औषधाच्या वापरास बंदी केली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरत्या मर्यादित कराव्या लागल्या. वस्तुतः गिधाडांस न मारणारे मेलॉक्सिकॅम हे औषध उपलब्ध होते. त्या शेतकऱ्यांत दुष्ट कोणीच नव्हता. आपल्या कृत्याचा परिणाम आपल्या दृष्टीच्या टप्प्यातच संपतो, ही त्यांची समजूत होती. आणि माझीही दुसरी कोणती होती?

तथापि शेतकऱ्याहून माझा दोष एका बाबतीत जड आहे. गिधाडाने त्याच्यावर विश्वास टाकला नव्हता. माझ्या मांजरीने माझ्यावर टाकला होता. आपण भाकरीच्या तुकड्यात गोळी लपवून कुत्र्यास देतो आणि तो ती निमूटपणे खातो, तेव्हा त्याचा विश्वास हेच आपले साधन असते. मनुष्य रोगी विचारू शकतो, नाकारू शकतो, त्रास झाल्यास सांगू शकतो. मुका जीव ह्यांपैकी काहीच करू शकत नाही. उलट दुखणे लपविणे हा त्याचा स्वभाव. म्हणून त्याच्या वतीने विचारणे आणि नाकारणे ही दोन्ही कर्तव्ये आपल्याकडे येतात. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्या विश्वस्तास मला माहीत नव्हते असे म्हणून सुटता येत नाही. ठेव स्वीकारली तेव्हाच माहिती करून घेण्याचे ऋण त्याने पत्करलेले असते.

मग दवाखाना बंद असता रात्री करावे तरी काय? त्या जीवास शांत, उबदार जागी ठेवावे, पाणी जवळ ठेवावे, पशुवैद्यास विचारावे, आणि विचारणे शक्य नसेल तर मनुष्याचे कोणतेही औषध न देता सकाळची वाट पाहावी. हात जोडून बसणे दयाळू मनास फार कठीण जाते. काहीतरी केले म्हणजे आपली अस्वस्थता शमते, आणि ही आपली अस्वस्थता शमविणे म्हणजेच त्याचे दुःख शमविणे, असा भ्रम होतो. मी गोळी दिली ती तिच्या तापावर की माझ्या तगमगीवर, हे आजही मला निश्चित सांगता येत नाही. औषध देऊन चुकलेच असेल, तर पट्टी हाती घेऊन, किती दिले व केव्हा दिले हे लाज न धरता सांगत त्याच क्षणी डॉक्टर गाठावा. मीठ पाजून ओकारी करविण्याचा घरगुती उपाय तर मुळीच करू नये. तो स्वतःच घातक आहे. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. परंतु तो वेळेवर मिळाला तरच. मी पहाटेपर्यंत निर्धास्त झोपलो होतो.

माझा दोष किती, ह्या प्रश्नाचे उत्तर आता मी विद्यार्थ्यांस पूर्वीइतक्या तटस्थपणे सांगू शकत नाही. हेतू शुद्ध होता, हे खरे. त्यामुळे मी क्रूर ठरत नाही. पण निर्दोषही ठरत नाही. तिने जबडा उघडू दिला, तेव्हा त्या गोळीविषयी मला काय ठाऊक आहे, एवढे तरी मी स्वतःला विचारावयास हवे होते.