वावडे आणि आतिथ्य

मराठीतला ‘वावडे’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. कारले न आवडणाऱ्याला कारल्याचे वावडे असते, दूध न पचणाऱ्याला दुधाचे वावडे असते, आणि शेंगदाण्याचा कण पोटात जाताच ज्याचा श्वास कोंडू लागतो त्यालाही शेंगदाण्याचे वावडेच असते. नावड, अपचन आणि प्राणसंकट अशी तीन भिन्न प्रकरणे भाषेने एकाच फडक्यात बांधून ठेवली आहेत. वैद्यकाने ती केव्हाच वेगळी केली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ ही संज्ञा १९०६ साली योजली. समाजव्यवहारात मात्र गाठोडे अजून सुटलेले नाही. म्हणूनच घराबाहेर जेवायला बसण्याचा साधा प्रसंग नीतीचा प्रश्न होऊन बसतो: परक्याच्या ताटावर बसलेल्या माणसाला यजमानाने नेमके काय देणे लागते?

आमच्या भोपाळचेच उदाहरण घेऊ. शेजारच्या सीहोरचा शरबती गहू हा या मुलखाचा अभिमान. दाल-बाफल्यांवाचून येथे पंगतीला शोभा नाही. अशा गावी ‘सीलिॲक’ विकाराचा मनुष्य उपाहारगृहात शिरतो. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाने त्याच्या लहान आतड्याला इजा होते आणि पथ्य जन्मभराचे असते. बिचारा पोळी टाळतो, बाफले टाळतो आणि डाळ-भात मागवतो. डाळीत गहू नाही ना, असे विचारताच वाढपी हसून म्हणतो, ‘साहब, दाल में गेहूँ कहाँ से आएगा?’ तो खोटे बोलत नाही. परंतु फोडणीतला हिंग बहुधा बांधानी हिंग असतो. अस्सल हिंगाची तीव्रता सोसवत नाही म्हणून त्यात डिंक आणि मैदा वा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. आमच्या गोव्याच्या वाचकांना दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. कोळंबी तळलेल्या तेलातच बटाट्याचे काप तळले, तर कापांत कोळंबी दिसत नाही. पण ज्याला तिची ॲलर्जी आहे त्याच्या शरीराला ती अचूक दिसते.

आता गंमत पाहा. तोच वाढपी जैन गिऱ्हाइकासाठी कांदा-लसूण वर्ज्य करतो आणि एकादशीकऱ्याला साबुदाण्याची खिचडी आणून देतो. व्रतस्थाला कोणी म्हणत नाही, ‘थोडेसे खाल्ले तर काय होते?’ विकारग्रस्ताला मात्र हे वाक्य प्रत्येक पंगतीत ऐकावे लागते. आणि ती निर्दोष मानलेली खिचडी शेंगदाण्याच्या कुटाने भरलेली असते! व्रताच्या पाठीशी समाज उभा असतो. विकार माणसाला एकटा गाठतो. समूहाच्या निषेधाला आपण मान देतो आणि एकट्याच्या निषेधाला नखरा म्हणतो. आमच्या आग्रहाच्या संस्कृतीचे हे उणे अंग आहे. आग्रहात प्रेम असते, हे खरे. पण समोरच्याचा नकार ऐकू न येणारे प्रेम अखेर स्वतःच्याच औदार्यावरचे प्रेम ठरते.

आमच्या व्यवसायातील एक जुना निवाडा येथे आठवतो. पॅरिस विरुद्ध स्टेपनी बरो कौन्सिल हा खटला १९५१ च्या निकालसंग्रहात आहे. गॅरेजमधल्या एका कामगाराला एकच डोळा चांगला होता आणि मालकाला ते ठाऊक होते. संरक्षक चष्मा न मिळाल्याने, काम करताना उडालेल्या धातूच्या कणाने तोही डोळा गेला. हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने ठरविले की, दोन डोळ्यांच्या कामगाराला चष्मा देणे आवश्यक नसेलही; पण ज्याचे नुकसान अधिक भयंकर होईल हे ठाऊक आहे, त्याच्या बाबतीत काळजीही अधिक घेतली पाहिजे. कर्तव्य माहितीबरोबर वाढते, हे त्याचे तात्पर्य. ते दोन्ही पक्षांना लागू आहे. पाहुण्याने आपला विकार स्पष्ट सांगावा, कारण न सांगितलेल्या गोष्टीचे ओझे यजमानावर टाकता येत नाही. आणि नावडीला ॲलर्जी म्हणू नये. खोट्या नाण्यांनी खऱ्या नाण्याचे मोल उतरते.

आपल्याकडे कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १ जुलै २०२२ पासून केंद्रीय परवाना असलेल्या, किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवर पदार्थांतील ॲलर्जीकारक घटकांची माहिती देण्याचे बंधन आहे. परंतु इब्राहिमपुऱ्यातल्या चटोरी गल्लीतील एका कढईच्या दुकानाला ते लागू नाही. तेथे कायदा संपतो आणि नीती सुरू होते.

कोणी म्हणेल, अशांनी घरीच जेवावे. पण परगावाहून तारखेसाठी आलेला पक्षकार, वसतिगृहातला विद्यार्थी, लग्नघरचा पाहुणा यांनी काय करावे? सहभोजनातून माणसाला वगळणे म्हणजे समाजातूनच थोडेसे वगळणे होय. उलट, गल्लीतल्या आचाऱ्याने प्रत्येकासाठी वेगळे भांडे चढवावे, ही अपेक्षाही न्याय्य नाही. त्याच्याकडे मागावे ते सुरक्षित अन्न नव्हे, खरे उत्तर. मसाला हे घराण्याचे गुपित असेल, तर त्याने एवढेच म्हणावे, ‘सांगता येत नाही, आपण हे खाऊ नये.’

डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री या शहरातील लोकांच्या श्वासावाटे जे विष शरीरात गेले, त्याची पुरेशी माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हती. त्या संहाराशी ताटातल्या मैद्याची तुलना करणे अनुचित होईल. परंतु आपल्या शरीरात काय जात आहे हे जाणण्याचा अधिकार भोपाळकरांना तरी कोणी शिकवावयास नको.

अन्नदानाला आपण श्रेष्ठ दान म्हणतो. पण दात्याला आपल्या ताटात काय आहे हे ठाऊक नसेल, तर त्याच्या तोंडचे ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द त्या ताटाहून मोठे दान ठरतात. गिऱ्हाईक उठून गेले, तरी आतिथ्य घडलेले असते.