फळ आधीच काढून घेतलं तर?

सस्काटूनला मुलाला पहाटे रिंकवर सोडते आणि गाडीत बसून ज्ञानेश्वरी वाचते. कर्मयोग वाचताना मला १९६६-६७ चा हंगाम आठवतो. आजच्या वेस्टर्न हॉकी लीगचा तो पहिलाच हंगाम. कॅनडातल्या हौशी हॉकीच्या राष्ट्रीय संघटनेने या नव्या ज्युनिअर लीगला बंडखोर ठरवलं आणि सातही संघांना ज्युनिअर हॉकीचा राष्ट्रीय कप, म्हणजे मेमोरियल कप, बंद झाला. एडमंटन ऑइल किंग्जने तर १९६६ मध्ये तोच कप जिंकला होता!

या संघांतली पोरं निष्काम खेळली का? मला नाही वाटत. हिरावलेलं फळ म्हणजे त्याग नव्हे. त्याग ज्याचा त्यानेच करायचा असतो. फळाची आशा सुटली म्हणून हात सैल पडले, तर ती निराशाच. पण मुलगा स्केटची नाडी दातओठ खात आवळतो, बर्फावर उतरतो, पकच्या मागे धावतो, तेव्हा कप त्याच्या मनात कुठे असतो? कर्मयोग असलाच तर त्या धावण्यात आहे. शेवटी मूस जॉ कॅनक्सने लीग जिंकली. राष्ट्रीय कप नव्हता म्हणून तो विजय उणा, हे मी कधीच मान्य करणार नाही.